खड्ड्याकडे बघू नकोस

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याची सव्वाशे सीसीची मोटरसायकल इथेच ठेवून गेला, आणि तिचे हप्तेही. हप्ते आपण भरायचे आणि सीटवर कबुतरांनी बसायचं, हे काही मला पटेना. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी जाहीर केलं की ही गाडी आता मी चालवणार. वीस वर्षं स्कुटी चालवलीय, त्यात काय एवढं!

(‘त्यात काय एवढं’ हे वाक्य मी याआधी घराच्या रंगकामाच्या वेळी आणि दोन किलो चकल्यांच्या वेळी उच्चारलं होतं. घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं ते त्यामुळेच.)

माझं लायसन बिनगिअरचं निघालं. म्हणजे परत लर्निंग, चाळिशी उलटल्यामुळे डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि पेठ रोडच्या आरटीओत आठचा आकडा. तो मी पाय न टेकवता काढला आणि सोसायटीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की अख्ख्या नाशकात कुठेही आठचा आकडा नाही. आहेत ती शून्यं, वेगवेगळ्या खोलीची. त्यात सिंहस्थ जवळ आलेला. मागचा २०१५ साली झाला, पुढचा २०२७चा, आणि पर्वणीच्या तयारीला सगळं शहर खणून ठेवलेलं. साधूंच्या आधी जेसीबी येऊन स्नान करून गेले असावेत.

गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, टेन्शन नाही, गाडीला सीबीएस आहे.” नाशिकच्या माणसाला सीबीएस म्हटलं की बसस्टँड आठवतो, आणि टेन्शन तर तिथूनच सुरू होतं. मग त्याने समजावलं की हे सीबीएस ब्रेकचं. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो. २०१९ पासून छोट्या गाड्यांना ते सक्तीचं झालंय, सव्वाशेच्या वरच्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं. “पण खरं थांबवायचं काम पुढचाच ब्रेक करतो बरं का मॅडम. मागचा नुसता मदतीला.” हे शेवटचं वाक्य मी फारच मनावर घेतलं.

गंगापूर रोडवरून आमच्या कॉलनीत वळताना एक खड्डा होता. आदल्या दिवशी कुणीतरी तो बुजवला होता, म्हणजे खड्ड्यात मूठभर आणि बाहेर पाटीभर खडी टाकून. काळी कच, काही दाणे ज्वारीएवढे, काही हरभऱ्याएवढे, वळणाच्या बरोब्बर पोटात निवडायला टाकल्यासारखे पसरलेले. गाडी वळणात कललेली असताना मला ते दिसले. मी डोळे फाडून त्यांच्याकडे बघितलं, गाडी शहाण्या मुलीसारखी तिकडेच गेली, आणि मी पुढचा ब्रेक आवळला. पुढचं चाक मला काही न विचारता डावीकडे निघून गेलं.

जोरात पडणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला काही कळत नाही. मी चालण्याच्या वेगाने पडले. इतकी सावकाश, की कोण कोण बघतंय ते मोजून झालं: पाणीपुरीवाला, क्लासची चार मुलं आणि सोसायटीचे चेअरमन, ज्यांनी परवाच पेढा खाल्ला होता. सगळे धावले. आधी गाडी उचलली. तिला सगळीकडून निरखून झाल्यावर एकाने माझ्याकडे वळून धीर दिला, “ताई, काही नाही झालं गाडीला.”

कोपर आणि अब्रू दोन्ही सोलून घरी आले. सासूबाईंनी हळद लावता लावता विचारलं, “खड्डा होता का खडी?”

“खडी.”

“बघत होतीस तिच्याकडं?”

“समोर दिसली तर बघणारच ना आई!”

“मग जाणारच. खड्ड्याकडं बघितलं की खड्डा बोलावतो. जिकडनं जायचं तिकडं बघावं.”

आमच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. त्यांनी आयुष्यात हँडलला हात लावलेला नाही, पण मागच्या सीटवरचा अनुभव तीस वर्षांचा. सासरे निफाडकडच्या गावातून राजदूत मोटरसायकलला दुधाचे कॅन लटकवून नाशकात यायचे. “पायलीभर दगड असायचे रस्त्यात, पण ह्यांच्या कॅनमधलं दूध कधी हिंदकळलं नाही,” असं त्या सांगतात. पुढच्या रविवारी पदर खोचून, हेल्मेट घालून त्या खाली हजर. “लायसन आलंय ना? मग मी मागं बसते.”

त्यांची शिकवण्याची रीत साधी होती. मी गाडीला झटका दिला की त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं. टक. गिअर चुकला, टक. ब्रेक एकदम दाबला, टक टक. कॉलेज रोडला जाऊन परत आलो तेव्हा त्यांनी आकडा सांगितला, “एकतीस.” एवढंच. रागावणं नाही, काही नाही. गणिताच्या बाईंनी वहीवर नुसते मार्क लिहावेत तसं.

सूचना मात्र मागून चालू असायच्या. “खडी लागली. आता काही करू नको. ब्रेक नको, वळवू नको, तशीच जाऊ दे.” हे काही न करणं फार अवघड. हात आपोआप मुठी वळतात आणि घाबरलेल्या मुठीत नेमका ब्रेक असतो. खड्ड्यावरही तेच. मी खड्ड्यात पडेपर्यंत ब्रेक दाबून ठेवायचे. “आधी दाबायचा, खड्ड्यात सोडायचा,” मागून आवाज यायचा. “चाकाला तोंड खुपसायला लावू नको.” पंक्चरवाल्याने हवा भरताना हेच दुसऱ्या भाषेत सांगितलं. त्याने जमिनीवर पंजा ठेवून दाखवला, “मॅडम, तुमची सगळी गाडी एवढ्या-एवढ्या दोन ठिकाणी रस्त्याला टेकलेली असते. बाकी सगळी हवेत.” तेव्हापासून मी दर आठवड्याला हवा तपासते. रात्री झोप लागत नव्हती म्हणून आधी रोज तपासत होते.

स्पीडब्रेकरचं मला वैयक्तिक दुःख आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कागदांत गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे गाडी पंचविसाच्या वेगाने झोका घेतल्यासारखी जावी. आमच्या गल्लीतला उंचीला दुप्पट आणि रुंदीला वरवंट्याएवढा आहे. त्याच्यावर माझे दोन टक ठरलेले, एक चढताना, एक उतरताना.

मग पाऊस आला. पहिल्या सरीने उन्हाळाभराचं तेल आणि धूळ वर आणली आणि रस्ता डोशाच्या तव्यासारखा चमकायला लागला. गटाराची लोखंडी झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, झाडाखाली पडलेली जांभळं, सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखी घसरगुंडी. मी त्यांच्यावरून सरळ, न कलता, श्वास रोखून जायला शिकले. टक चौदावर आले.

श्रावणात नाशिकजवळच्या गिरणारे गावी नणंदेकडे गाय व्याली. चीक आणायचा म्हणून आम्ही दोघी निघालो. येताना सासूबाईंच्या मांडीवर स्टीलची किटली, झाकण सैल. “खरवस घरी गेल्यावर करायचाय, रस्त्यात नाही,” त्यांनी बजावलं. बाजारात टोमॅटोच्या गाड्या लागलेल्या. क्रेटमधून पडलेले टोमॅटो चाकांखाली येऊन रस्त्यावर लाल कोशिंबीर झालेली, वर बियांचा बुळबुळीतपणा, वरून भुरभुर. मी लांब बघितलं, वेग आधीच कमी केला, क्लचला हात लावला नाही, आणि कोशिंबीर ओलांडली. दुगावपर्यंत मागून एकही सूचना नाही. गंगापूर गावाशी ट्रॅक्टरने आणलेला चिखल, तरी शांतता. माझ्या पोटात गोळा आला. आई पडल्या की काय?

“आई?”

“हं.”

झोपल्या असणार. इतकी छान चालवत होते की झोप लागली! आनंदवल्लीपासून मी जवळजवळ गाणं म्हणत आले.

दारात उतरून त्यांनी किटलीचं झाकण उघडून पाहिलं. चीक काठाशी होता तिथेच होता. “नऊ,” त्या म्हणाल्या.

“आई, तुम्ही तर झोपला होतात!”

“झोपते कशाला? डोळे मिटले होते.”

“आज मिटले होते?”

“रोजच मिटते,” हेल्मेट काढत त्या म्हणाल्या. “पुढचं बघितलं की भीती वाटते मला. ह्यांच्या मागंही तीस वर्षं तशीच बसले.”