‘गुगल स्कॉलर पुरेसे आहे’ या विधानाचा प्रतिवाद

भूविज्ञानातील संदर्भ शोधण्यासाठी गुगल स्कॉलर हे अभ्यासपूर्ण लेखांचे शोधयंत्र पुरेसे आहे, तिथे सगळे मिळते, महत्त्वाचे ते आधी दिसते आणि जिओरेफसारख्या भूवैज्ञानिक साहित्याच्या सशुल्क डेटाबेसवरचा खर्च व्यर्थ आहे, असे विधान संशोधक विद्यार्थ्यांमध्ये सर्रास फिरते. ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

‘सगळे मिळते’ हे पडताळताच येत नाही, कारण स्कॉलर आपल्या स्रोतांची पूर्ण यादी प्रसिद्ध करत नाही आणि कोणत्याही शोधाचे 1000 पेक्षा अधिक निकाल दाखवत नाही. उलट 1966 मध्ये सुरू झालेल्या जिओरेफची व्याप्ती जाहीर आहे: उत्तर अमेरिकेचे भूवैज्ञानिक साहित्य सतराव्या शतकापासून, उर्वरित जगाचे 1933 पासून, त्यात नियतकालिकांबरोबर नकाशे, सर्वेक्षण अहवाल आणि प्रबंधही येतात. या विषयात जुने साहित्य कालबाह्य होत नाही. बुजलेल्या खाणीतील थरांचे शतकापूर्वीचे वर्णन हेच कधीकधी त्या थरांचे एकमेव निरीक्षण असते.

खरी अडचण शब्दांची आहे, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. डायनोसॉरांच्या विनाशाच्या काळाची सीमा लुई व वॉल्टर अल्वारेझ आणि सहकाऱ्यांच्या 1980 च्या शोधनिबंधात, दोन्ही बाजूंच्या भूवैज्ञानिक कालखंडांच्या नावांवरून, ‘क्रिटेशस-टर्शरी’ आहे. पुढे टर्शरी ही संज्ञा अधिकृत कालमापनातून मागे पडली आणि आजचे लेखक ‘क्रिटेशस-पॅलिओजीन’ लिहितात. केवळ शब्द जुळवणाऱ्या शोधात एक नाव टाकले तर दुसऱ्या नावाखालचे बरेच साहित्य निसटू शकते, शिवाय ‘टर्शरी’ (इंग्रजीत ‘तिसऱ्या स्तराचे’) टाकले की उच्च शिक्षण आणि रुग्णालयांवरचे लेखही येतात. जिओरेफमध्ये विषयतज्ज्ञ प्रत्येक नोंदीला ठरावीक संज्ञासूचीतील शब्द देतात आणि अनेक नोंदींना अक्षांश-रेखांशही, त्यामुळे शोध शीर्षकातील शब्दांवर अडून राहत नाही.

‘महत्त्वाचे आधी’ या क्रमवारीत उद्धरणसंख्येला, म्हणजे इतर किती लेखांनी त्या लेखाचा संदर्भ दिला याला, मोठे वजन असते. एखाद्या लहान खोऱ्याचा अचूक नकाशा फारसा उद्धृत होत नाही, पण त्या खोऱ्यात काम करणाऱ्याला तोच हवा असतो. उद्धरणांचा माग काढण्यासाठी वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे डेटाबेस अधिक शिस्तशीर आहेत, मात्र त्यांचा भर निवडक नियतकालिकांवर असतो.

स्कॉलर लेखांचा संपूर्ण मजकूर शोधते, ही त्याची ताकद निर्विवाद आहे. सारांशात न आलेले खनिज किंवा गावाचे नाव तिथेच सापडते. खर्चाचा आक्षेपही खरा आहे. वर्गणी परवडत नसेल तर स्कॉलरच्या जोडीला नासाचा एडीएस हा संशोधनलेखांचा डेटाबेस आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा प्रकाशनसंग्रह वापरावा. दोन्ही विनामूल्य आहेत.