पेटीवरची चूक

लंडनच्या संग्रहालयाकडून २०२४ मध्ये महाराष्ट्रात उसनी आणलेल्या वाघनखांवरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा जुंपली आहे. एक मावसभाऊ म्हणतो, ती महाराजांचीच, शंका काढणारा करंटा. दुसरा म्हणतो, सगळा बनाव आहे, उगाच गाजावाजा केला. मग दोघंही माझ्याकडे वळतात: "तू लंडनला असतोस, तूच सांग."

मी सांगतो ते मात्र दोघांनाही पचत नाही. ही वाघनखं ज्यांच्या संग्रहात आहेत, ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच म्हणतं की अफझलखानाला मारलं ती हीच, याची खात्री करता येत नाही. यात एकाला महाराजांचा अपमान दिसतो, दुसऱ्याला कबुलीजबाब. अरे, संग्रहालयाचं कामच हे आहे. माहीत आहे तेवढं लिहावं आणि तिथे थांबावं. इथल्या माझ्या मुलांना हे कळतं, तिकडच्या शिकल्यासवरल्या माणसांना का कळू नये?

त्या वाघनखांची एक पेटी आहे, तिच्याबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही. पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे: ही शिवाजीची वाघनखं, यांनी त्याने मोगल सरदाराला मारलं, आणि साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असताना जेम्स ग्रँट डफला ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली. मोगल सरदार! खान आदिलशाहीचा होता, हे आपल्याकडे चौथीतलं पोरगं सांगेल. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रँट डफ अशी चूक करणं शक्य नाही. मला तरी वाटतं, तो मजकूर मागाहून दुसऱ्याच कुणी घातला असावा. खरा वाद घालायचा तर इथून घाला ना.

"उसनी कशाला आणली, कायमची का नाही?" हाही एक प्रश्न रोज येतो. इथल्या १९८३ च्या कायद्याने या संग्रहालयाच्या विश्वस्तांचे हात बांधलेत, संग्रहातली वस्तू मनात आलं म्हणून देऊन टाकता येत नाही. घानाच्या असांते राजघराण्याचं सोनंही २०२४ मध्ये इथून त्यांच्या कुमासीला गेलं ते उसनंच, तेही तीन वर्षांसाठीच. मला हे आवडतं असं नाही. पण नियम वाचल्याशिवाय बोलू तरी नये.

मुलं लहान होती तेव्हा हाफ-टर्मच्या सुट्टीत साउथ केन्सिंग्टन स्टेशनच्या बोगद्यातून त्यांना या संग्रहालयात कितीदा नेलं. टिपूच्या लाकडी वाघासमोर जमिनीवर कागद पसरून ती पट्टे रंगवत बसायची, कुणी हटकत नसे. आपल्याकडे संग्रहालय म्हणजे सहलीच्या बसचा एक थांबा, अर्ध्या तासात पोरं बाहेर. हे मी ग्रुपवर अनेकदा सुनावलं आहे.

सुनावलं नाही ते हे, की चौदा वर्षांत वाघनखांची चौकशी मी तिथे एकदाही केली नाही. माझ्या साताऱ्याहून निघालेली वस्तू माझ्याच शहरात होती आणि मला तिची आठवण झाली नाही. ती पहिल्यांदा पाहिली ती साताऱ्यात, २०२४ च्या डिसेंबरात, सुट्टीवर गेलो तेव्हा, आईबरोबर.

आईने काचेपुढे चपला काढल्या. मी फलकावर काय लिहिलंय ते शोधत होतो. दोन कड्या, पट्टी, खाली वाकलेली चार नखं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान. मागून लोक पुढे सरकत होते, आईचे हात जोडलेलेच. मग तिने माझी बाही ओढली.

"हीच का रे ती?"

मी म्हटलं, "हो आई, हीच."

ग्रुपवर हे मी अजून लिहिलेलं नाही.