एरिसला पत्रिका गेली का?

तर तुमचं ठरलंय. लग्न करायचं ते ग्रीक पुराणातल्यासारखं, एकदम रोमँटिक. डोक्यावर लॉरेलची पानं, मागे सान्तोरिनीचा निळा समुद्र, स्टेजवर फायबरचे पांढरेशुभ्र खांब. छान. फक्त ते खांब रंगवून घ्या. ग्रीकांची देवळं मुळात निळ्या-तांबड्या रंगांनी नटलेली असायची. पांढरी झाली ती रंग उडाल्यावर. मुहूर्तही नीट काढा. अथेन्सवाल्यांचा लग्नांचा महिना गॅमेलिऑन, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारी. उघड्या खांद्यांनी कुडकुडल्याशिवाय अस्सलपणा यायचा नाही.

आता आमंत्रणांची यादी. इथे आदर्श एकच, पीलिअस आणि थेटिसचं लग्न. नवरी समुद्रदेवता. झ्यूस आणि पोसायडन दोघांचाही तिच्यावर डोळा होता, पण हिचा मुलगा बापापेक्षा वरचढ निघणार असं भाकीत कानावर आलं आणि दोन्ही देवांचं प्रेम ओसरलं. मग तिला एका मर्त्य माणसाच्या गळ्यात बांधायचं ठरलं. पीलिअसने तिला धरलं तेव्हा ती आग झाली, पाणी झाली, सिंहीण झाली, साप झाली. त्याने काही सोडलं नाही. पुराणात याला होकार म्हणतात.

लग्न लागलं पेलिऑन डोंगरावर. झाडून सगळे देव हजर. वगळलं फक्त भांडणाच्या देवीला, एरिसला. आपल्याकडे पत्रिका न मिळालेली आत्या फार तर दोन वर्षं अबोला धरते. एरिसने वऱ्हाडात सोन्याचं सफरचंद टाकलं, ‘सर्वांत सुंदर असेल तिला’ म्हणून. हेरा, अथीना आणि अफ्रोडाइटी, तिन्ही देवींनी हात पुढे केला. निवाडा गेला ट्रॉयच्या राजपुत्राकडे, पॅरिसकडे. अफ्रोडाइटीने त्याला हेलनची, म्हणजे स्पार्टाच्या राजाच्या बायकोची, लाच दिली. तिच्यापायी ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं चाललं. त्यात याच जोडप्याचा मुलगा अकिलीस मारला गेला. तेव्हा यादीत सर्वांत वर घरातलं सर्वांत भांडकुदळ माणूस लिहा. पत्रिका हातात द्या, शक्यतो जोडीने जाऊन.

अल्बमचंही सांगून ठेवतो. या लग्नाची देवांची मिरवणूक इ.स.पू. ५७०च्या सुमारास एका भल्या मोठ्या मद्यकलशावर रंगवली गेली. कलश फ्लोरेन्सच्या संग्रहालयात सुखरूप होता. १९०० साली तिथल्याच एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात त्यावर स्टूल भिरकावलं. तुकडे किती? ६३८. जोडला बिचाऱ्यांनी पुन्हा, पण रुसलेल्या पाहुणीचा हात कुठवर पोचतो बघा!

कॉकटेल पार्टी ठेवणार असाल तर पिरिथूसचा कित्ता गिरवा. त्याने स्वतःच्या लग्नाला सेंटॉरांना, म्हणजे कमरेखाली घोडे असलेल्या मंडळींना, नात्यातले म्हणून बोलावलं. वाइन चढली आणि त्यांच्यातल्या एकाने थेट नवरीलाच उचललं. पुढची हाणामारी अथेन्सच्या पार्थेनॉनवर दक्षिण बाजूला दगडात कोरली गेली. तुमच्या वरातीतली फार तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल.

लॉनवर अनवाणी फोटो काढायची हौस आवरा. युरिडिसीला नवी नवरी असतानाच गवतात साप डसला. आणि फोटोग्राफर नवऱ्याला म्हणाला, ‘सर, पुढे चालत राहा आणि मॅडमकडे वळून बघा’, तर अजिबात बघू नका. युरिडिसी मेल्यावर तिच्या नवऱ्याने, ऑर्फियसने, पाताळातून तिला जवळजवळ वर आणली होती. अट एकच, मागे वळून बघायचं नाही. नेमकी हीच पोझ दिली आणि बायको कायमची गेली.

एवढं सगळं खिशाला झेपत नसेल तर सामुदायिक विवाहाचीही सोय पुराणात आहे. दानाउसच्या ५० मुली, त्याच्या भावाची ५० मुलं, एकाच दिवशी बार. मांडव एक, जेवणावळ एक. मुलीच्या बापाने पाठवणीत प्रत्येकीला एकेक खंजीर दिला आणि रात्री काय करायचं तेही समजावलं. ४९ जणींनी ऐकलं. एका हायपरम्नेस्ट्राने तेवढा नवरा ठेवला.

केटररला मात्र आधीच सांगून ठेवा: रात्रीच्या जेवणाला नवरा-नवरींची १०० पानं, सकाळच्या नाश्त्याला ५१.