दोन अंशांची चूक म्हणजे माणसाशी बरोबरी नव्हे

“ऑटो व्हाइट बॅलन्सच्या नव्या अल्गोरिदमची चूक दोन अंशांच्या खाली आली, म्हणजे रंग ओळखण्यात यंत्राने माणसाच्या डोळ्याला गाठलं.” ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणजे उजेडाचा रंग ओळखून फोटोवरची त्याची झाक आपोआप काढणारी कॅमेऱ्यातली सोय. फोटोग्राफी आणि एआयच्या चर्चांमध्ये हा दावा सारखा फिरतो. सोबत पुरावेही ठरलेले: चूक कोनात मोजली आहे, नावाजलेल्या डेटासेटवर (चाचणीच्या फोटोंच्या संचावर) मोजली आहे, आणि माणूस तर २०१५ मध्ये काहींना निळा-काळा, काहींना पांढरा-सोनेरी दिसलेल्या त्या ड्रेसच्या फोटोपुढेच फसला होता. आकडा खोटा नाही, पण त्यातून काढलेला अर्थ टिकत नाही.

आधी कोनाचं बघू. अल्गोरिदम उजेडाच्या रंगाचा अंदाज लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत देतो. खरा उजेड आणि हा अंदाज हे दोन बाण मानले, तर त्यांच्यातला कोन म्हणजे अँग्युलर एरर. बघणारा माणूस या गणितात कुठेच नाही. समजा, खरा उजेड १, १, १ आहे. एका अल्गोरिदमने हिरवा ९ टक्के जास्त धरला, दुसऱ्याने निळा ९ टक्के जास्त धरला. कोन दोघांचाही साधारण २.४ अंश. अंदाजाप्रमाणे उजेडाचा रंग फोटोतून कमी केल्यावर मात्र पहिल्याच्या फोटोवर जांभळट-गुलाबी झाक येते, दुसऱ्याच्या फोटोवर पिवळट. चेहऱ्यावरची पिवळट झाक ‘उन्हं कलली असतील’ म्हणून खपून जाते, जांभळट झाक लगेच खटकते. उजेड कुठल्या दिशेने बदलला यावर डोळ्याची संवेदनशीलता अवलंबून असते. न्यूकॅसल विद्यापीठातल्या अन्या हर्लबर्ट आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात निळ्या दिशेचा बदल लोकांना सर्वांत कमी जाणवला.

कोनाची आणखी एक गंमत आहे. तेच दृश्य वेगळ्या दिव्याखाली टिपलं आणि अल्गोरिदमने दोन्ही वेळा हुबेहूब एकसारखं चित्र काढून दिलं, तरी अँग्युलर एरर वेगवेगळा येऊ शकतो. फिनलेसन आणि झाकिझादेह यांनी २०१४ मध्ये हेच दाखवून पर्यायी मापही सुचवलं.

मग लोकांनाच विचारलं तर? तेही झालंय. २००९ मध्ये गाइसेनाय, गेव्हर्स आणि लुकासेन यांनी वेगवेगळी मापं लोकांच्या पसंतीशी ताडून पाहिली. अँग्युलर एरर अगदीच टाकाऊ निघाला नाही, पण तीन रंगांना वेगवेगळं वजन देणारं माप लोकांच्या मताशी जास्त जुळलं. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या वाझ्केझ-कोराल आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात जवळपास निम्म्या वेळा लोकांनी ‘अचूक’ उत्तराच्या सर्वांत जवळचा पर्याय सोडून दुसराच निवडला. दाव्याला खरं उत्तर इथेच मिळतं. बाकीचे मुद्दे याच्यापुढे किरकोळ.

डेटासेटबद्दल म्हणाल, तर सर्वांत जास्त वापरला जाणारा गेहलर-शी संच ५६८ फोटोंचा आहे. प्रत्येक फोटोत रंगांच्या चौकोनांचा कलरचेकर ठेवलेला असतो आणि त्याच्या राखाडी पट्टीवरून ‘खरा उजेड’ ठरतो. या एकाच संचासाठी तीन वेगवेगळी ‘खरी’ उत्तरं वापरात होती आणि उत्तर बदललं की अल्गोरिदमचे क्रमांकही बदलत, हे २०१७ मध्ये उघड झालं! शिवाय अख्ख्या फोटोला एकच उजेड धरला जातो. ओसरीवर अर्धं ऊन, अर्धी सावली असली तरी.

आता ‘माणसाचा डोळा’ म्हणजे नेमकं काय गाठायचं? आपल्याला पांढरं नेहमी शुभ्र पांढरंच दिसतं, असं यात गृहीत धरलेलं आहे. अरेंड आणि रीव्ह्ज यांनी १९८६ मध्ये लोकांना दोन प्रश्न वेगळे करून विचारले: रंग जसा दिसतो तसा जुळवा, आणि तोच कागद वाटेल असा रंग जुळवा. दुसऱ्यात लोक बरेच पक्के निघाले, पहिल्यात बरेच कमी. म्हणजे समईच्या उजेडात धोतर पांढरं आहे हे कळतं आणि ते पिवळसर दिसतंही. त्या देवघराचा फोटो शून्य अंश चुकीने दुरुस्त केला, तर समईचा उजेडच नाहीसा होईल. कॅमेरा कंपन्यांना हे ठाऊक आहे, म्हणून तर कॅननच्या ऑटो व्हाइट बॅलन्समध्ये वातावरणाला प्राधान्य आणि पांढऱ्याला प्राधान्य असे दोन पर्याय असतात.

राहिला ड्रेस. तो प्रत्यक्षात निळा-काळाच होता. फोटोत उजेडाच्या खुणा इतक्या तुटपुंज्या होत्या, की काहींनी सावली गृहीत धरली, काहींनी पिवळा दिवा, आणि त्याप्रमाणे रंग दिसला. तेवढ्याच पिक्सेलांवरून अल्गोरिदमलाही काहीतरी गृहीतच धरावं लागलं असतं. खऱ्या खोलीत माणसाकडे आजूबाजूच्या भिंती, चकाकणाऱ्या कडा, सावल्या असं बरंच काही असतं. क्राफ्ट आणि ब्रेनार्ड यांनी १९९९ मध्ये अशा खुणा एकेक करून काढून घेतल्या, तसतशी माणसाचीही रंग ओळखण्याची पकड ढिली होत गेली.