वजनाबद्दल बोलताना

जाड व्यक्तीला तोंडावर सुनावल्याशिवाय ती सुधारत नाही, हे वजनावरील एका लेखात त्याच्या लेखकाने मांडलेले मत मला मान्य नाही. पण त्यावर संतापून वजनाचा प्रकृतीशी संबंधच नाही असे म्हणणेही खरे ठरणार नाही. भारतीयांच्या पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि मधुमेहाचा धोका तुलनेने कमी वजनातही असतो, म्हणूनच जगभर बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन किती हे दाखवणारा आकडा) ३० पासून धरला जाणारा लठ्ठपणा आपल्याकडे २५ पासूनच धरतात. हे डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगायलाच हवे. मात्र आमच्या नागपुरात लग्नाच्या पंगतीत एखाद्या मुलीच्या ताटाकडे पाहून नातेवाईक जे बोलतात, त्यात काळजी फारशी नसते. तिला वजन वाढवणारा थायरॉइडचा त्रास आहे का, ती तशी स्टेरॉइड औषधे घेते का, याची कुणी चौकशी करत नाही. शिवाय वजन उतरले की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च कमी करते. त्यामुळे अंबाझरी तलावावर रोज नेमाने फिरणाऱ्याचेही वजन पुन्हा वाढू शकते, आणि त्याला आळशी म्हणणे हा सरळसरळ अन्याय आहे. निदान दवाखान्यांनी तरी वजनकाटा आडोशाला ठेवावा आणि आकडा सर्वांसमोर मोठ्याने वाचू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.