थ्रो बंद करणाऱ्यांनो, मग खेळता तरी कशाला?

राजारामपुरीतल्या ज्या गेमिंग कॅफेत मी टेकन हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओगेम खेळायला जातो, तिथे टीव्हीच्या बाजूला हल्ली एक कागद चिकटवलेला असतो. थ्रो (पकडून आपटणे) मारायचा नाही, सारखी खालची लाथ मारायची नाही, भिंतीला लावून मारायचे नाही, एडी हा कॅरेक्टर घ्यायचा नाही, असे चार नियम त्यावर काळ्या मार्करने लिहिलेले आहेत. हा कागद मालकाने आपल्या मनाने लावलेला नाही. रोज संध्याकाळी येणाऱ्या, हरल्यावर कंट्रोलर सोफ्यावर आपटणाऱ्या आणि ‘असंच चालणार असंल तर उद्यापासनं येत न्हाई आम्ही’ अशी धमकी देणाऱ्या मंडळींनी तो त्याला लावायला भाग पाडले आहे. तो कागद पाहिला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला हा खेळ शिकायचा आहे, आणि शिकण्यासारखे त्यात जे काही आहे ते नेमके या लोकांनी बंद करून टाकले आहे.

ज्यांना हा राग अनाठायी वाटतो त्यांनी खेळाची रचना एकदा नीट समजून घ्यावी. टेकनमध्ये उभे राहून मागचे बटण धरले की वरचा आणि मधला मार अडवला जातो. अशा उभ्या बचावाला फोडायचे दोनच खरे मार्ग आहेत : एक तर खालून लाथ मारायची, नाही तर जवळ जाऊन पकडून आपटायचे, म्हणजेच थ्रो. त्या भीतीने समोरचा खाली बसला की मधला मार त्याला लागतो, आणि मधल्या माराच्या भीतीने तो पुन्हा उभा राहिला की थ्रोला जागा मिळते. समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखण्याचा सगळा खेळ याच चक्रावर उभा आहे. आता या चक्रातून थ्रो काढा, खालची लाथही काढा, आणि मला सांगा, उभ्याने बचाव धरून बसलेल्या माणसाला मारायचे कशाने? जवळजवळ काहीच उरत नाही. मग दोघेही लांबून बटणे बडवत राहतात, ज्याची लाथ चुकून आधी पोचते तो जिंकतो, आणि त्याला हे लोक ‘खरी फाईट’ म्हणतात.

थ्रो सोडवता येत नाही, अशीही काही परिस्थिती नाही. बहुतेक थ्रो वरून येतात, त्यामुळे वेळेवर खाली बसले की ते हवेत जातात आणि मारणारा पुरता उघडा पडतो. बसायला उशीर झाला, तरी पकडल्यानंतर सुटायला क्षणभर संधी असते. समोरच्याचा डावा हात पुढे आला तर कंट्रोलरवरचा चौकोन दाबायचा, उजवा आला तर त्रिकोण, दोन्ही हात एकदम आले तर दोन्ही बटणे एकत्र. हाताकडे बघायचे, एवढेच. सुरुवातीला ते दिसत नाही हे मला मान्य आहे, पण डोळा सरावला की दिसू लागते. ज्याला ते दिसू लागले, तो या खेळात एक पायरी वर चढला. ती पायरीच उखडून टाकायची, आणि वर जाता येत नाही म्हणून कुरकुरायचे, याला काय म्हणावे?

या नियमाचा सर्वांत मोठा फटका किंगला बसला आहे. किंग हा टेकनमधला जॅग्वारचा मुखवटा घालणारा पैलवान. त्याचे सगळे बळ पकडीत आहे, एका पकडीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी त्याची साखळी चालते. थ्रो बंद म्हणजे किंग बाद. आणि हे कुठे घडते आहे, तर कोल्हापुरात! शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानात ज्यांचे आजोबा आणि वडील कुस्त्या बघायला जात आले, ती पोरे खेळातल्या पैलवानाला म्हणतात, पकडायचे नाही. खासबागेत एखाद्या पैलवानाने लागोपाठ पट काढला, तर समोरचा पंचांकडे जाऊन ‘याला पट काढायला बंदी करा’ म्हणतो का? तसे कुणी म्हटलेच तर मैदान त्याला हसून बाहेर काढेल. तालमीत हरलेल्या पैलवानाला वस्ताद दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच डावाची तोड करायला लावतो, अंग दुखेपर्यंत, तीच तीच, पुन्हा पुन्हा. आमच्या कॅफेतल्या मंडळींना तोड नको आहे, त्यांना डावच नको आहे.

खालच्या लाथेचेही तेच. ब्रायन या कॅरेक्टरची वाकून मारलेली ती संथ, लांब लाथ घ्या. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो. साधा वेगवान ठोसा १० फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात, आणि तो डोळ्यांनी बघून अडवणे माणसाला शक्य नाही, कारण बघून बटण दाबायलाच साधारण पाव सेकंद जातो. पण ही लाथ सुरू होऊन लागेपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद मिळतो. ती दिसते. स्पष्ट दिसते. खाली बसून अडवली, तर ब्रायन इतका वेळ लटपटत राहतो की त्याला हवेत उडवून पुरा कॉम्बो, म्हणजे लागोपाठ माराची साखळी, मारता येतो. इतकी महागडी शिक्षा खेळ बनवणाऱ्यांनी आपल्या हातात ठेवलेली असताना आमचे वीर सलग चार वेळा तीच लाथ खातात, पाचव्या वेळी खेळ थांबवतात आणि म्हणतात, ‘ए भावा, दम असंल तर समोरनं मार की, सारखं काय खालनं?’ दम कशाला लागतो? खाली बसायला लागतो तेवढाच.

पण माझा संताप खऱ्या अर्थाने उसळला तो एका शाळकरी पोरामुळे. आठवी-नववीत असेल. शाळा सुटल्यावर दप्तर पाठीला तसेच ठेवून खेळायला बसतो. मोठी पोरे त्याला थ्रो मारून मारून हरवायची, तेव्हा कुणालाही थ्रोमध्ये काही वावगे वाटत नव्हते. एके दिवशी त्याच्या आपोआप लक्षात आले की समोरचा जवळ येऊन क्षणभर थांबतो, तेव्हा तो थ्रोच मारणार असतो. तो खाली बसला, थ्रो त्याच्या डोक्यावरून गेला, आणि बसल्या जागेवरून उठता उठता त्याने जिन या आपल्या कॅरेक्टरचा ठोसा असा लगावला की समोरचा हवेत गेला. त्या पोराचा चेहरा मी पाहिला आहे. त्याला कुणी काही शिकवले नव्हते, व्हिडिओ दाखवला नव्हता, त्याने स्वतः शोधले होते. पुढचे काही दिवस तो त्याच मोठ्या पोरांना त्याच जागी बसून बसून मारत होता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात भिंतीवर कागद आला. थ्रो बंद! म्हणजे थ्रो चालत होता तोवर चालू, आणि त्याची तोड एका लहान पोराला सापडली की बंद. त्या पोराने जे कमावले होते ते एका मार्करच्या रेघेने पुसून टाकले. ‘मग मी आता काय करू?’ असे त्याने विचारले, तेव्हा त्याला उत्तर मिळाले, ‘नीट खेळ.’ मी तिथेच भांडलो. नीट तोच खेळत होता, बाकीचे नव्हते.

याहून मोठा अपराध म्हणजे घरी सराव करून येणे. ‘तू घरी प्रॅक्टिस करून येतोस, मग काय, जिंकणारच’ हे वाक्य मला तोंडावर ऐकवले जाते, जणू मी खिशात दगड घालून आलो आहे. होय, करतो मी सराव. खेळात सरावाची वेगळी सोय दिलेली आहे ती शोभेसाठी नाही. ज्या माराने आपण हरलो तो समोरच्या पुतळ्याला शिकवून ठेवता येतो, आणि तो आपल्याला पुन्हा पुन्हा तसाच मारतो, आपल्याला अडवता येईपर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या टेकन ८ मध्ये तर आपलाच झालेला सामना पुन्हा लावला की इथे अमुक करता आले असते असे खेळ स्वतः दाखवतो, आणि तिथूनच कंट्रोलर हातात घेऊन ते करूनही बघता येते. यापेक्षा आणखी काय द्यायचे खेळाने? हरलेला सामना पुन्हा बघणारा एक माणूस मला या कॅफेत आजवर दिसलेला नाही. हरला की पडदा पुढे ढकलायचा, दुसरा कॅरेक्टर घ्यायचा आणि जिंकणाऱ्याला रडीचा ठरवायचे.

‘आम्ही टाइमपासला खेळतो, तू का एवढं मनावर घेतोस?’ हे यांचे ठेवणीतले उत्तर. टाइमपास असेल तर हरणाऱ्याने तासाचे पैसे द्यायचे ही पद्धत कुणी पाडली? टाइमपास असेल तर हरल्यावर आवाज का चढतो? जिंकल्याची फुशारकी चौकात चहाच्या गाडीवर अर्धा तास कशी चालते? निकाल तुम्हाला हवा आहे, पुरेपूर हवा आहे, फक्त तो मिळवण्यासाठी जे करावे लागते ते नको आहे.

आणि मग हेच लोक विचारतात, आपल्याकडे कुणी मोठा खेळाडू का होत नाही. लाहोरकडे बघा. अर्सलान ॲश हा तिथला टेकनचा खेळाडू. २०१९ साली त्याने आधी जपानमधली आणि मग लास वेगासमधली ईव्हो ही अशा मारामारीच्या गेम्सची मोठी स्पर्धा जिंकली, आणि वेगासच्या अंतिम फेरीत त्याने हरवले ते नी या कोरियाच्या मुरलेल्या खेळाडूला. जिंकल्यावर अर्सलानने सांगितले की पाकिस्तानात माझ्याइतके चांगले खेळणारे आणखी आहेत. नी स्वतः पाकिस्तानात जाऊन त्या पोरांशी खेळला, आणि अनेकांकडून हरला. ती पोरे कुठे तयार झाली? महागड्या अकादमीत नाही, गल्लीतल्या आर्केडमध्ये, एकमेकांच्या शेजारी बसून, एकमेकांचा मार खाऊन. हाताशी जोड होती आणि त्या जोडीला सगळे डाव मोकळे होते. पैसा किंवा यंत्रे यांत आमचा कॅफे मागे नाही. खुर्च्या चांगल्या आहेत, पडदा मोठा आहे. मागे आहे ती माणसांची वृत्ती.

घरी बसून ऑनलाइन खेळ, असा सल्ला मला देऊ नये. समोरचा वायफायवर असला की मार कधी लागतो, कधी अडतो, त्याचा ताळमेळ राहत नाही, आणि पावसाळ्यात इकडे लाईट केव्हा जाईल याचा नेम नसतो. शिवाय एक सामना हरला की समोरचा निघून जातो. शेजारी बसलेला माणूस ‘हे कसं केलंस?’ असे विचारू शकतो, त्याला पुन्हा तेच मारून दाखवता येते, तो पुन्हा चुकतो, पुन्हा विचारतो. मला हे हवे आहे, आणि ते मिळायची सोय या शहरात माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असताना चार रडक्या लोकांनी ती नासवलेली आहे.

मालकाला मी स्पष्ट सांगितले आहे की ज्यांना थ्रो नको त्यांनी आपापसांत हवे तसे खेळावे, पण एका टीव्हीवर तरी खेळ जसा बनवला आहे तसाच चालू द्यावा, आणि त्या टीव्हीवर त्या शाळकरी पोराला बसू द्यावे. त्याने अजून हो म्हटलेले नाही. तोवर जो कुणी माझ्यासमोर बसेल त्याने हे धरून चालावे की मी थ्रो मारणार आहे, खालची लाथ मारणार आहे, भिंतीला लावून मारणार आहे. सोडवता येत नसेल तर विचारा, कोणत्या हाताकडे बघायचे ते मी पुन्हा पुन्हा, कंट्रोलर तुमच्या हातात देऊन दाखवतो, त्याला माझी कधीच ना नसेल. पण मारू नकोस असे मला यापुढे कुणी सांगायचे नाही.