पर्यावरणप्रेमी व्हा, तेही एका रविवारात

जून उजाडला की आपल्यातल्या अनेकांना निसर्गाची हाक ऐकू येते. साधारण 5 तारखेच्या आसपास ती येते आणि 15 ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्ट्या संपेपर्यंत टिकते. तुम्हालाही आली असेल तर घाबरू नका. गेल्याच रविवारी सासवड-सुप्याकडच्या एका माळावर एका क्लबाचा भव्य वृक्षारोपण सोहळा जवळून बघायचा योग आला. मला 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून बोलावलं होतं. माझ्या हातात माइक आला तोवर खड्डे खणून झाले होते, पण ते असो. तिथे जे शिकलो ते आपल्या चरणी.

आधी टी-शर्ट. हिरवा. पाठीवर घोषणा, छातीवर प्रायोजक. रोपं उशिरा आली तरी चालेल, टी-शर्ट वेळेत हवेत.

फोटोत एका रोपाला किमान आठ हात लागलेले दिसावेत.

रोप निवडताना फार डोकं चालवू नका. नर्सरीत जे ढिगाने आणि स्वस्तात मिळेल ते घ्या. ग्लिरिसिडिया उत्तम. मेक्सिकोकडचं झाड आहे, भराभर वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याने ते वर्षानुवर्षं लावलेलं आहे, म्हणजे बरोबरच असणार. बोर, हिवर, बाभूळ असलं काही मागू नका, काटे टोचतात आणि फोटोत शोभत नाहीत.

गाडीतून खाली न उतरता निसर्गसेवा करायची असेल तर सीड बॉल, म्हणजे बिया घातलेले मातीचे गोळे, आहेतच; काचेतून फेकायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जागा. घनदाट जंगलात जाऊ नका, तिथे आधीच झाडं आहेत. शहरात तर मुळीच नको, तिथे पार्किंग लागतं. माळ गाठा. मे महिन्यात माळ कसा अगदी मेल्यासारखा दिसतो, भाषणाला सोयीचा. 'या उजाड भूमीला हिरवा शालू नेसवू या' असं म्हणता येतं. सरकारदप्तरीही असल्या जमिनी पडीक म्हणूनच धरल्या जातात. वनमहोत्सव 1950 पासून चालू आहे. अलीकडे आपल्या राज्याने 2016 साली 2 कोटी, 2017 ला 4, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला. एवढी झाडं लावायची कुठे, हा प्रश्न ज्याला पडला त्याला मोकळा माळ दिसणारच. तिथे कुसळी असते, पवन्या असतो, मारवेल असतो. पहिल्या दोन-तीन पावसांत हे सगळं मुळापासून फुटून वर येतं, पण गवत म्हणजे काही झाड नव्हे, त्यामुळे ते मोजायचं नाही. त्या गवतावर धनगरांची मेंढरं जगतात. मेंढरांच्या मागे लांडगा असतो, शिवाय खोकड आणि चंडोल असतात. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे ते चिंकाऱ्यासाठी, आणि चिंकाऱ्याला मोकळं रान लागतं हे तिथे कुणीही सांगेल. पण तुम्ही विचारायचं नाही. विचारलं की कार्यक्रम लांबतो.

आता परवाचंच बघा. ड्रिलने खड्डे घेणं चाललं होतं. सुतळी ताणून, एका ओळीत. डोक्यावर टिटवी जीव तोडून ओरडत होती, झेपावत होती, परत वर जात होती. एक ताई म्हणाल्या, "किती गोड बर्ड साउंड आहे, रीलला लावू या." टिटवी अशी कुणाच्या डोक्यावर येते तेव्हा तिची अंडी जवळच असतात, हे आमच्याकडे शेतावरच्या पोरालाही कळतं. होतीच. खडीच्या चार खड्यांत चार अंडी, मातकट, काळे ठिपके असलेली, टोकं आत करून नीट मांडलेली. पुढचा खड्डा त्यांच्यापासून हातभर अंतरावर येणार होता. मी ओरडलो. ड्रिल धरलेला पोरगा बिचारा लगेच थांबला. आयोजक लांबूनच म्हणाले, "सर, लाइन वाकडी होईल हो."

लाइन वाकडी होईल!

शेवटी एक खड्डा गाळला. उपकार केल्यासारखा. बाकी सगळे तसेच घेतले आणि दीड तास चाळीसेक माणसं त्या चार अंड्यांभोवती बूट आपटत फिरली. तेवढा वेळ ती टिटवी खाली बसू शकली नाही. पलीकडे त्याच क्लबाची गेल्या वर्षीची ओळ होती. काटक्या उभ्या होत्या, नावाच्या पाट्या उभ्या होत्या, रोपांच्या काळ्या पिशव्या बाभळीला लटकत होत्या. एप्रिलमध्ये टँकर घेऊन कोण आलं होतं, असं विचारलं तर सगळे पोह्यांच्या रांगेकडे बघायला लागले.

अहो, पर्जन्यछायेतला प्रदेश आहे तो. तिथे झाडं कमी आहेत कारण तिथे कमीच असतात. हजारो वर्षांत कुणी तोडून नेलेली नाहीत. तुम्ही ती ओळीने उभी केलीत की कावळ्यांना आणि शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्यांना बसायला आयती जागा होते आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचे हाल सुरू होतात. 1979 साली सोलापूरजवळ नान्नजला खास माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं. जा, आज तिथे माळढोक शोधून दाखवा. माळ नांगरला, माळावर प्लॉट पाडले, कारखाने आणले, उरला त्यात आपण झाडं लावली आणि वर प्रमाणपत्रंही वाटून घेतली. हौस तुमची, फोटो तुमचे, आणि भोगायचं त्या मेंढक्याने. त्याला एका शब्दाने तरी विचारलंत का, की बाबा, तू इथे मेंढरं घालतोस, आम्ही कुंपण घालू का?

झाडं लावायचीच आहेत ना? मग सोसायटीच्या फाटकाशी पार्किंगसाठी जो वड पाडलात तिथे लावा. रोज बादलीभर पाणी घाला. पिंजरा लावा, तीन वर्षं सांभाळा. पण तिथे ढोल वाजत नाही, पाहुणे येत नाहीत. म्हणून येता इथे, सत्तर किलोमीटर गाड्या उडवत.

टिटवीची अंडी उबायला महिनाभर लागतो. तोवर तरी त्या माळावर पाणी घालायला, पाट्या रंगवायला, 'प्रगती बघायला' म्हणून कुणी फिरकू नका. एरवीही फिरकणार नव्हतातच म्हणा.